पाठीला आधी कळतं

रानगवे संघाच्या स्टेडियममधल्या खुर्च्या माणसाचा श्वास मोजायच्या, आणि नागपूरकरांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. बसलं की पाठीमागची गादी जराशी फुगायची, चाचपून बघितल्यासारखी बरगड्यांना टेकायची आणि मग गप्प व्हायची. नवा माणूस दचकून मागं बघायचा. जुने हसायचे. "घाबरू नका जी, खुर्ची ओळख करून घेऊन राहिली."

ह्या खुर्च्या आल्या त्या उन्हाळ्यामुळं. एका मे महिन्यात दिवस मावळल्यावरही पारा उतरायला तयार नव्हता, आणि वरच्या गॅलरीत काही जण बसल्या जागीच गेले. शेजाऱ्यांना वाटलं, डोळा लागला असेल. त्यानंतर प्रत्येक मोठ्या क्रीडागृहात ह्या खुर्च्या सक्तीच्या झाल्या. गादीच्या आत दाबाचा बारीकसा फरक टिपणारं एक पातळ कापड असायचं. श्वासागणिक पाठ किती हलते ते त्याला कळायचं. कुणाचा श्वास बिघडला की तळघरातल्या खोलीत दिवा लागायचा आणि नर्स धावत वर यायची. त्या खुर्च्यांनी कितीतरी जीव वाचवले होते, हे खरंच.

ओवी हेडाऊ बाराव्या रांगेतल्या एकाच खुर्चीत बसायची. तिचा धाकटा भाऊ शौनक रानगव्यांकडून बास्केटबॉल खेळायचा, सात नंबरची जर्सी घालून. पाणी खात्यातली नोकरी, बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा नवरा आणि सहा वर्षांची रुंजी, ह्या सगळ्यातून वेळ काढून ती नागपुरातल्या प्रत्येक सामन्याला यायची. रुंजी तिच्या मांडीवर असायची, आईच्या छातीला पाठ टेकून. दूध पिण्याच्या वयापासून ती अशीच सामने बघत आली होती.

शेजारच्या खुर्चीत गजभिये काका. वीज मंडळात खांबावर चढून आयुष्य गेलेला माणूस. आता खाली बसून वरच्यांना शिव्या द्यायचा.

"तो उंटासारखा पोरगा पाह्यला का?" काकांनी नव्यानं विकत आणलेल्या साडेसहा फुटी खेळाडूकडं बोट दाखवलं. "उभा राहिला तर रिंगला हात लागते. पण उडायचं म्हटलं तर मुहूर्त काढा लागते."

"आणि त्याच्यासाठी रेहानला विकलं," ओवी म्हणाली.

"रेहानले विकलं, कुलदीपले विकलं. अन् कुलदीपच्या बदल्यात काय घेतलं? पुढच्या साली येणारा एक पोरगा, जो आता बारावीत हाय! अवं, उभं पीक विकून हे लोक बियाणं घेऊन राहिले. अन् ते बियाणं कुणाच्या वावरात पडलं, तेही यांले माहीत नाही!"

मागच्या चार रांगा हसल्या. हसण्याला कडवट चव होती. गेली तीन वर्षं रानगव्यांचं कार्यालय असंच वागत होतं. रंगात असलेला खेळाडू अचानक एका सकाळी 'मुक्त' व्हायचा. कारण कुणी सांगायचं नाही. लोक संतापायचे, मॅनेजरसाहेबांच्या नावानं शंख करायचे. आणि महिन्या-दोन महिन्यांत तो विकलेला खेळाडू दुसऱ्या संघात जाऊन कोमेजायचा. रेहानचं तसंच झालं. कोचीला गेला आणि त्याच्या हातातला नेम जणू कुणी काढून घेतला. "मन मोडलं पोराचं," काका म्हणायचे. "घरातून हाकलल्यावर काय खेळन तो?"

कोर्टवर शौनकनं चेंडू घेतला. तीन गुणांच्या रेषेबाहेर एक टप्पा, खांद्याची हूल, आणि उडी.

"टाक, शौन्या!" ओवी ओरडली.

चेंडू जाळीतून आवाजही न करता गेला. अख्खी गॅलरी उभी राहिली. रुंजी मात्र मांडीवरच वळली आणि आईच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आई, तू थांबली नाहीस."

"कुठं थांबायचं होतं, सोन्या?" ओवीनं विचारलं. पण तेवढ्यात शौनकनं पुन्हा चेंडू हिसकावला आणि तो प्रश्न टाळ्यांत बुडून गेला.

त्याच आठवड्यात एका सकाळी फोनवर बातमी आली: सात नंबर मुक्त.

शौनक ओवीच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खालीच बसला होता. रुंजी त्याच्या खांद्यावर चढून त्याच्या केसांच्या वेण्या घालत होती. चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नव्हता.

"ताई, मी यंदा सगळ्यात जास्त गुण केले. मग माझं चुकलं कुठं?"

ओवीला बोळीतली ती सायकलची रिम आठवली. गोळीबार चौकात ते राहायचे तेव्हा यंत्रमागावर जाणाऱ्या बाबांनी ती भंगारातून आणून भिंतीला ठोकली होती. शौनक चेंडू टाकायचा आणि ओवी रिमखाली उभी राहायची. चेंडू त्याच्या हातातून सुटायच्या आतच ती ओरडायची, "पडला!" नाहीतर "गेला!" कधी चुकायची नाही. शौनक पाय आपटायचा. "ताई, आधी सांगत नको जाऊ ना! मग टाकायला मजा येत नाही."

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मी विचारतेच त्यांना."

मॅनेजरसाहेब भेटले नाहीत. पण बाहेर गजभिये काकांनी जमवलेले दोनेकशे लोक घोषणा देत होते, म्हणून कुणीतरी ओवी आणि काकांना तळघरात नेलं. तिथं पांढऱ्या केसांच्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. डॉ. वसुधा बेनोडेकर. खुर्च्यांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती.

"खेळाडू कोण ठेवायचा, कोण काढायचा, ते नर्सबाई ठरवतात का आता?" काकांनी बसायच्या आधीच विचारलं.

"मी नर्स नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "शरीरशास्त्रज्ञ आहे. आणि ठरवत मीही नाही. जरा ऐका."

त्यांनी एक कळ दाबली. खोलीत एक आवाज भरून आला. मोठा, संथ, खालीवर होणारा. कुठल्यातरी प्रचंड जनावराच्या पोटाशी कान लावल्यासारखा.

"हा काय, समुद्र हाय का?" काकांचा आवाज आपोआप उतरला.

"हे तुम्ही आहात," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या रविवारचे बारा हजार प्रेक्षक. आकडे बघून मला काही सुचत नाही, म्हणून मी तुमच्या श्वासांचा आवाज करून ऐकते. आता इकडं लक्ष द्या. इथं एका खेळाडूनं उडी मारली."

आवाज एकदम विरळ झाला. जनावरानं श्वास रोखला होता. क्षणभरानं तो पुन्हा सुटला.

"ह्याला मी श्वासथांब म्हणते," डॉक्टर म्हणाल्या. "समोरचा माणूस चेंडू टाकायला झेपावतो, तेव्हा तुमचे डोळे त्याची टाच, कंबर, खांदा असं सगळं बघून हिशोब मांडून मोकळे झालेले असतात. मनाला ते कळायला वेळ लागतो. पण शरीर मनासाठी खोळंबत नाही. हा टाकणार, असं त्याला वाटलं की ते श्वास धरतं. काहीतरी घडतंय, हलू नकोस, असं स्वतःला सांगतं. आणि हा नाही टाकणार असं वाटलं, तर ते आपलं काम चालू ठेवतं. श्वास येतो, जातो. एखाद्या खेळाडूसाठी शंभरांतले किती जण थांबले, तो त्याचा भरवसांक."

"भरवसांक," ओवीनं शब्द तोंडात घोळवून बघितला.

"खुर्च्या बसवल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं. खेळाडूचा खेळ उतरायच्या कितीतरी आधी त्याचा भरवसांक उतरतो. चेंडू अजून पडत असतो. लोक टाळ्या वाजवत असतात, त्याच्या नावाचे फलक नाचवत असतात. पण त्यांच्या पाठी थांबायच्या बंद झालेल्या असतात. मी ते मॅनेजरना दाखवलं. दाखवायला नको होतं, असं आता वाटतं कधी कधी."

काका खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे रेहानले..."

"तुमच्या पाठींनी काढलं. कुलदीपलाही. मॅनेजर फक्त ऐकतात."

"अन् आमी मॅनेजरले शिव्या देऊन राहिलो तीन सालांपासून!" काकांनी कपाळावर हात मारला. मग त्यांना राग आला. "पण आमाले विचारलं का कुणी?"

"तिकिटाच्या मागं छापलंय."

"तिकिटाची मागची बाजू कोणी वाचते का बाई!"

"डॉक्टर," ओवी मध्येच म्हणाली, "काढलं म्हणून रेहान मोडला, का मोडणार होता म्हणून काढला?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. "तेच मला सिद्ध करता येत नाही. लोकांच्या पाठींना नेमकं काय दिसतं, तेही कळत नाही. फक्त दिसतं, एवढंच माहीत आहे."

"शौनकच्या बाबतीत चुकीचं दिसलंय. तो माझा भाऊ आहे. मी त्याला लहानपणापासून बघते."

"मला माहीत आहे तुम्ही कोण," डॉक्टर म्हणाल्या, आणि आणखी काही बोलणार होत्या त्या बोलल्या नाहीत.

शेवटी एवढंच ठरलं. मुक्त झालेल्या खेळाडूला घरच्या कोर्टवर निरोपाचा एक सामना द्यायची संघाची रीत होती. त्या सामन्यात शौनकचा भरवसांक वर गेला, तर त्याला परत घ्या असं डॉक्टर स्वतः सांगणार होत्या. दारापर्यंत सोडायला आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "खरं तर, त्याला खेळवूच नका असंही मला म्हणता येईल. पण कारण काय देऊ? पाठी म्हणतात, म्हणून?"

गजभिये काकांना त्या रात्री झोप आली नसावी. कारण सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर ते तयार बेत घेऊनच हजर होते.

"सोपं हाय," पोह्यांवर लाल तर्री ओतून घेत ते म्हणाले. "खुर्चीले श्वास थांबलेला पाह्यजे ना? आपण थांबवू! शौनकनं बॉल उचलला की मी लाल गमछा वर करतो. गमछा वर, श्वास बंद. गमछा खाली, श्वास चालू. सगळ्यांनी. बारा हजार."

सगळ्या शहरानं ते मनावर घेतलं. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी माणसं जमू लागली. काका कठड्यावर उभे राहून गमछा उंचावायचे, आणि कॉलेजातली पोरं, निवृत्त मास्तर, भेळवाले, पोरंबाळं कडेवर घेतलेल्या बाया असे सगळे गाल फुगवून उभे राहायचे. कुणाला तरी हसू फुटायचं. काका खेकसायचे, "हसून नका राहू बे! तुमच्या दातांपायी जाईल पोराची नोकरी." ओवीला त्या सगळ्यांचा इतका लळा वाटला की घरी जाताना तिचे डोळे भरून आले. एका माणसावर एवढ्या लोकांनी जीव लावावा, आणि तो माणूस आपला शौन्या असावा. त्याला नाकारायला संघाकडं आता एकही कारण उरणार नव्हतं.

फक्त रुंजीला तो खेळ आवडला नाही. "आई, तू फुग्यासारखी होतेस," ती म्हणाली.

निरोपाच्या सामन्याला स्टेडियममध्ये तिळाएवढी जागा नव्हती. शौनक कोर्टवर आला आणि छपराला तडे जातील असा गजर झाला. त्यानं बाराव्या रांगेकडं बघून हात हलवला.

पहिल्यांदा त्यानं चेंडू उचलला, आणि गमछा वर गेला.

असली शांतता ओवीनं जन्मात ऐकली नव्हती. बारा हजार माणसं बसलेली आणि कुणाचाच श्वास नाही. थंड हवेचे झोत गुणगुणताना ऐकू आले. बुटांची चरचर ऐकू आली. ते सगळे मेलेले आहेत आणि कोर्टवरची दहा माणसं तेवढी जिवंत आहेत, असं काहीतरी क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. मग चेंडू जाळीतून गेला, गमछा खाली आला आणि गर्जना झाली.

पुन्हा गमछा. पुन्हा ती शांतता. पुन्हा चेंडू जाळीत. गेल्या कित्येक वर्षांत खेळला नव्हता असा शौनक खेळत होता. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "पाहा म्हणा त्या डॉक्टरनीले! पाहा म्हणा आता!"

शेवटच्या भागात तो डावीकडून आत घुसला. आसपास कुणी नव्हतं. त्यानं चेंडू उचलला. गमछा वर गेला. बारा हजार छात्या बंद झाल्या. शौनक उडाला, हात लांब झाला, चेंडू सुटला, आणि त्याचे पाय जमिनीला टेकले.

वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. एरवी तो कुणालाही ऐकू आला नसता. त्या दिवशी मात्र सगळ्या स्टेडियमनं ऐकला, अगदी वरच्या गॅलरीतल्या माणसानंसुद्धा. तो ऐकू यावा म्हणूनच जणू सगळे श्वास धरून बसले होते.

शौनक गुडघा धरून पडला होता. चेंडू जाळीतून खाली आला, त्याच्याजवळ टप्पे घेत घेत थांबला. काकांचा हात वर तसाच राहिला होता आणि गमछा खाली घ्यायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

ओवी धावली. धावताना तिला एका गोष्टीची भयंकर लाज वाटत होती. सगळे हादरले होते, रडत होते. तिला रडू आलं होतं, पण धक्का बसला नव्हता.

चार दिवसांनी, शस्त्रक्रिया झाल्यावर, ती एकटीच तळघरात गेली. शौनक चालू शकणार होता. खेळू शकणार नव्हता.

"त्या दिवशीचा आकडा?" तिनं विचारलं.

"शून्य," डॉक्टर म्हणाल्या. "खरा श्वासथांब एकदम येत नाही, ओवीताई. तो इथून तिथून, मागंपुढं, पाऊस सुरू होताना पहिले थेंब पडतात तसा येतो. कुणाला आधी कळतं, कुणाला नंतर. तुम्ही सगळे एकदम थांबलात. यंत्रानं तो मोजलाच नाही. यंत्राला वाटलं, वीज गेली."

ओवी हसली नाही. "सगळ्यात आधी कुणाला कळतं?"

डॉक्टरांनी समोरचे कागद सारखे केले.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मी कोण ते तुम्हाला माहीत आहे. कसं माहीत होतं?"

"नका विचारू."

"मला ऐकायचंय."

डॉक्टरांनी कळ दाबली. ह्या वेळी समुद्र नव्हता. एकाच माणसाचा श्वास होता, खोलीत कुणी झोपलं असावं इतका जवळचा. आपल्या अंगावरचा जुना वास ओळखावा तसा ओवीनं तो ओळखला.

"तीन वर्षांपूर्वीचा," डॉक्टर म्हणाल्या. शौनक उडाला असणार, कारण श्वास थांबला. सुटला. पुन्हा थांबला. इतका नेमका की ओवीला रिमखाली उभं राहिल्यासारखं वाटलं. "बारा हजार खुर्च्यांमध्ये हिच्याइतकी अचूक दुसरी नाही. बहुतेक पाठी शेजारच्या पाठीचं ऐकतात. ही कुणाचं ऐकत नाही. बाकीच्यांना जे दोन-तीन महिन्यांनी कळतं, ते हिला तेव्हाच कळतं. पुढं पुढं मी सगळं स्टेडियम बाजूला ठेवून ह्या एकाच खुर्चीवर भरवसा ठेवू लागले." त्यांनी दुसरी कळ दाबली. "आणि हा यंदाच्या दिवाळीनंतरचा."

श्वास चालू होता. आत, बाहेर. ओवी तो सामना विसरली नव्हती. शौनकनं त्या दिवशी धो धो गुण केले होते आणि घसा बसेपर्यंत ती ओरडली होती. श्वास चालूच होता. आत, बाहेर. एकदाही अडखळला नाही. मेलेल्या माणसाचं सामान आवरणाऱ्या बाईसारखा तो आपला शांतपणे काम करत होता.

"बंद करा," ओवी म्हणाली.

"त्याच्या गुडघ्यात तेव्हा कुणालाच काही दिसलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, यंत्रांना नाही, त्याला स्वतःलाही नाही. फक्त तुम्हाला दिसलं."

"मला नाही दिसलं! मी त्याच्यासाठी भांडले, डॉक्टर. मी त्याला कोर्टवर परत आणलं."

"तुम्ही आणलं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या पाठीनं नाही."

दाराशी पोचल्यावर ओवी वळली. "ते पुसून टाका. माझं सगळं."

"पुसते. तसाही त्याचा उपयोग संपला. आपला श्वास कुणी ऐकतंय हे एकदा कळलं की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. ह्यापुढं तुमचा श्वास थांबला, तरी तो का थांबला ते मला कळणार नाही. तुम्हालाही नाही."

पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. शौनकच्या गुडघ्याची बातमी फुटली आणि लोक चिडतील असं मॅनेजरसाहेबांना वाटलं होतं. झालं उलटंच. खुर्च्या बरोबर होत्या, हे जगाला कळलं. दुसऱ्या शहरांतल्या संघांनी त्या मागवल्या. मग नाट्यगृहांनी. मग शाळांनी, स्नेहसंमेलनासाठी. कुठल्या मुलात काय आहे ते आईबापांच्या पाठींना आधी कळतं, असं म्हणत. पालक सभेला गेलं की बाई हसून सांगायच्या, "तुमच्या मुलीचा नाचातला भरवसांक छान आहे, गणिताचा जरा बघा." बाप घरी येऊन मुलीला काही बोलायचा नाही. मुलगी गणिताचं पुस्तक उघडेनाशी व्हायची. गजभिये काकांनी सामने सोडले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाठ दुखते बाप्पा, बसवत नाही."

ओवी शाळेत उभी राहायची. सगळे कार्यक्रम ती भिंतीशी उभं राहूनच बघायची, भिंतीला न टेकता.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती गोळीबार चौकातल्या जुन्या घरी आली. हवेत अजून गारवा होता. बोळीत शौनक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, डावा पाय समोरच्या स्टुलावर. भिंतीवरची रिम गंजली होती, पण जागची हलली नव्हती. रुंजी दोन्ही हातांनी चेंडू आपटत होती.

"कोपर आत, रुंजे. आत गं. चमच्यानं आमटी सांडून राहिली का?"

"मामा, तू चूप बस, मला कळतं."

शौनक हसला. ओवी त्याच्या बाजूला उभी राहिली. ह्या वर्षभरात ते दोघं सगळ्याविषयी बोलले होते, ते एक सोडून.

"ताई," रिमकडं बघतच तो म्हणाला, "तुला कळलं होतं ना?"

"काय बोलतोस?"

"तुला पहिल्यापासून आधी कळायचं."

"नाही रे शौन्या. देवाशपथ नाही."

"मला राग नाही." त्यानं पायावरची पट्टी नीट केली. "फक्त कोर्टवरून मी तुझ्याकडं बघायचो. दर वेळी, टाकायच्या आधी. सवयच होती. त्या दिवाळीनंतर बघितलं की मला कसंसंच व्हायचं. तू तर ओरडायचीस, हसायचीस. मग कसंसं का होतं, ते मला कळायचं नाही."

ओवीला त्याचा हात धरायचा होता. तिनं धरला. तो गरम होता, लहानपणी चेंडू टाकून टाकून व्हायचा तसा.

"आई, बघ!" रुंजी ओरडली.

ओवीनं बघितलं. रुंजीनं चेंडू डोक्यावर उचलला होता, पायांची बोटं टेकवून उंच झाली होती. शौनकनं मान वळवली. तो रुंजीकडं बघत नव्हता. बहिणीच्या खांद्यांकडं बघत होता. आपण बघतोय हे त्याच्या ध्यानातही नसावं.

ओवीनं श्वास धरला.

रुंजीनं चेंडू टाकला नाही. तिचे डोळे रिमवर नव्हतेच. ते आईच्या छातीवर होते, जिथं इतकी वर्षं तिची पाठ टेकलेली असायची.

"असं नाही गं आई," ती म्हणाली. "आधी मामासाठी थांबायचीस ना, तसं. तू तशी थांब, मग मी टाकते."

ओवीनं श्वास सोडला. पुन्हा घेतला. हसून बघितलं, डोळे मोठे करून बघितलं, सगळं विसरून नुसतं लेकीकडं बघून बघितलं.

रुंजी समजुतीनं वाट बघत उभी होती. तिचे हात कापायला लागले होते, तरी चेंडू तिनं वरच धरून ठेवला होता.